वजन कमी करायचंय? मामाजींना विचारा!

हल्ली कुणालाही भेटा, विषय एकच. वजन. आमच्या ऑफिसातली एचआरवाली सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून पिते आणि दुपारी समोसा खाऊन ते फिटवून टाकते. टीम लीडनं जिमची वर्षाची मेंबरशिप भरलीये, महिन्यातून दोनदा तो तिथे शॉवर घ्यायला जातो. आणि मी? मला तर वजन कमी करण्याचाच पगार मिळतो, बॉस! दचकू नका, डाएटिशियन नाहीये मी. चाकणच्या बाजूला एका गाड्यांच्या कंपनीत नोकरीला आहे. गाडीत कुठे फालतू वजन लपून बसलंय ते शोधायचं आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा, हे माझं काम. दोनशे ग्रॅम काढले की साहेब मान डोलावतात. अर्धा किलो काढला की अख्खी टीम पार्टी मागते.

त्यामुळे माझे मित्रही तसलेच. कॉलेजातला एक जण सध्या अमेरिकेत, युटामध्ये असतो. त्याला स्नोमोबाइलचं वेड लागलंय. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. डोंगरावर चढवायच्या मॉडेलचं वजन कंपनीतून येतानाच साधारण दोनशे किलो. तेवढंही या पठ्ठ्याला जास्त वाटतं. म्हणून गॅरेजमध्ये बसून तो बोल्ट बदलून टायटॅनियमचे टाकतो, हूड कार्बन फायबरचं करतो, सीट तासून अर्धी करतो. का? तर भुसभुशीत बर्फात जड गाडी रुतते आणि हलकी तरंगते. शिवाय उतारावर गाडी अंगानं कलवून वळवायची असते, तिथे प्रत्येक किलो मनगटाला कळतो. दर आठवड्याला त्याचा फोटो येतो. खाली मेसेज, 'आणखी ९०० ग्रॅम गेले!' मी इकडे लोकलच्या गर्दीत जळतो.

गेल्या दिवाळीत मी आजोळी गेलो तेव्हा हेच फोटो मामाजींना दाखवत होतो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला. मग म्हणाले, "मंग आपल्या छकडीचं वजन काऊन नाई कमी करून देत तू?"

झालं. माझी सुट्टी तिथेच संपली.

समुद्र नसलेलं समुद्रपूर

माझं आजोळ वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात. नावात समुद्र आहे, पण खरा समुद्र सातशे-आठशे किलोमीटर लांब. नागपूरहून हैदराबादचा हायवे धरायचा, बुटीबोरी मागे टाकायची, जामच्या चौकात चहा घ्यायचा आणि वळायचं. तिथून गिरडच्या बाजूला निघालात, की कपाशी, तूर आणि काळीभोर माती यांच्यामध्ये आमचं छोटं गाव. गिरडची टेकडी आणि तिथला शेख फरीद बाबांचा दर्गा हा आमच्या लहानपणीचा ठरलेला पिकनिक स्पॉट.

आता छकडी म्हणजे काय, हे शहरी वाचकांना सांगायला हवं. विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात. माल वाहायची ती बंडी, माणसं न्यायची आच्छादन घातलेली हलकी गाडी म्हणजे दमणी किंवा रेंगी, आणि शर्यतीची इवलीशी गाडी म्हणजे छकडी. दोन चाकं, एक आख, एक धुरा, बसायला फळी. बस्स. दरवाजा नाही, डिकी नाही, म्युझिक सिस्टीम नाही. आमच्या कंपनीत असं डिझाइन नेलं तर लोक म्हणतील, यात काढायला उरलंय काय?

ही छकडी धावते शंकरपटात. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत, तसा आमच्याकडे पट. पिकं घरात आली, थंडी पडली की पटाचा सीझन सुरू. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर फार जुना आणि नावाजलेला. सरळ रेषेत आखलेली मातीची धावपट्टी, सेकंदाच्या हिशोबानं लागणारे निकाल आणि दोन्ही बाजूंना अख्खी पंचक्रोशी. गाडी हाकणारा तो धुरकरी. फॉर्म्युला वनच म्हणा ना, फक्त इंजिनाला शिंगं असतात.

मामाजींचं इंजिन म्हणजे पाखऱ्या आणि हिऱ्या. गवळाऊ जातीची पांढरी जोडी. ही जात आमच्याच भागातली. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाड्याचा पट्टा हे तिचं माहेर. अंगानं सडपातळ, पायानं चपळ. मराठ्यांच्या काळात फौजेचं हलकं सामान वेगानं न्यायला हेच बैल वापरत, असं जाणकार सांगतात. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांची संख्या घटत गेली. पण मामाजींच्या गोठ्यात गवळाऊ नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही.

"बैलांना विचारलंस का?"

सुट्टी संपवून ऑफिसात आलो आणि कँटीनमध्ये मोठ्या फुशारकीनं जाहीर केलं, की आपण रेसिंग कार्ट बनवतोय! सगळ्यांनी 'वॉव' केलं. फक्त आमच्या टेस्टिंगमधल्या मैत्रिणीनं डबा बंद करत विचारलं, "छान. बैलांना विचारलंस का?"

घास तोंडातच राहिला. कारण प्रश्न चुकीचा नव्हता. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जलिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी आणली, ती उगाच नाही. बैल पळावा म्हणून तुतारी टोचायची, शेपटी पिळायची, हे प्रकार होत होते. तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे हं, आमच्याकडे टोकाला खिळा लावलेल्या काठीला तुतारी म्हणतात. पुढे २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला, पण प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची डॉक्टरी तपासणी लागते. काठी, टोचणी, विजेचा झटका, सगळं बंद.

बंदीच्या त्या सात वर्षांत मामाजींनी छकडी गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवली होती. पटाचे बैल विकून टाका, असं सगळे सांगत होते. त्यांनी विकले नाहीत. पण तुतारी मात्र त्यांनी बंदीच्या कितीतरी आधीच चुलीत घातली होती. कारण विचारलं की विषय बदलायचे.

मी मैत्रिणीला एवढंच म्हणालो, "गाडी हलकी झाली तर बैलांना बरंच होईल ना?" ती म्हणाली, "ते तू ठरवलंस." आणि हात धुवायला निघून गेली.

अडतीस किलोंचा माज

डिसेंबरात दहा दिवसांची रजा टाकली. बॅगेत लॅपटॉप, व्हर्नियर, अॅल्युमिनियमचे पाइप आणि घरातला बाथरूममधला वजनकाटा. मामी म्हणाली, "हे काय कपडे हायेत का?"

आधी जुन्या छकडीचं वजन केलं. ६१ किलो. मामाजींचा मोठा मुलगा, म्हणजे आमचा दादा, धुरकरी. तो ५४ किलो. मी सोडा अॅश-कलरच्या शर्टाच्या बाह्या सरसावून कामाला लागलो. सागाचा धुरा काढला, अॅल्युमिनियमचा पाइप टाकला. लोखंडी आख गेला, पोकळ नळीचा आला. बसायची फळी भोकं पाडून चाळणीसारखी केली. धुरा बोटभर नव्हे, चांगला हातभर आखूड केला, कारण जेवढी लांबी कमी तेवढं वजन कमी. चार दिवसांत छकडी ३८ किलोंवर! २३ किलो गायब! ऑफिसात असा आकडा लागला असता, तर मला थेट प्रमोशन देऊन जपानला पाठवलं असतं. युटाच्या मित्राला फोटो टाकला. त्याचं उत्तर आलं, 'गुरू!'

गावातले वाढई म्हणजे सुतार मिस्त्री हे सगळं पाहायला रोज संध्याकाळी येऊन बसायचे. वय सत्तरीच्या पुढे. काहीच बोलायचे नाहीत. फक्त शेवटच्या दिवशी धुऱ्याचा पाइप नखानं वाजवून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हे तुटाच्या आधी बोलते का?"

मला वाटलं म्हातारबाबा गंमत करताहेत. मी हसलो.

पाचव्या दिवशी सकाळी पडीक वावरात ट्रायल. दादा बसला, मामाजींनी कासरा सोडला आणि जोडी निघाली. पहिले शंभर पावलं काय सांगू, सॉलिड! मी मोबाइलवर शूटिंग करत ओरडत होतो. मग एक साधा बांधाचा उंचवटा आला. जड गाडी त्याच्यावरून धप्पकन गेली असती. माझी छकडी उडाली. दोन्ही चाकं जमिनीपासून वर! खाली आदळताना धुरा खाली झुकला आणि अख्ख्या गाडीचा आणि दादाचा दणका जुवातून बैलांच्या मानेवर बसला. आखूड धुऱ्यामुळे फळीची कड पाखऱ्याच्या मागच्या पायाला लागली, ते वेगळंच. पाखऱ्या बिथरला, आडवा पळाला. दादानं उडी टाकली म्हणून वाचला, कोपर तेवढं सोललं.

मामाजी पळत गेले ते दादाकडे नाही. बैलाकडे. त्याच्या मानेवर तळहात ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी साधं शेतावर जायला बंडी काढली, जू उचललं आणि पाखऱ्यापुढे धरलं. रोज हा बैल स्वतः होऊन मान खाली घालतो. हजार वेळा पाहिलंय मी. त्या दिवशी तो दोन पावलं मागे सरला. पुन्हा धरलं, पुन्हा मागे. मामाजींनी जू खाली ठेवलं आणि म्हणाले, "राहू दे. त्याले नाई द्याची मान."

कँटीनमधल्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं. बैलाला विचारलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं होतं.

मिस्त्रींचा क्लास

त्या संध्याकाळी मीच मिस्त्रींच्या अंगणात जाऊन बसलो. इंजिनिअरिंगची डिग्री खिशात ठेवून. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "भाऊ, तुमी किती वजन काढलं ते सांगतलं. कुठलं काढलं ते सांगा."

मग मला जे कळलं ते चार वर्षांच्या कॉलेजात कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. हिशोब बघा. दोन बैल मिळून साधारण आठशे किलो. छकडी आणि धुरकरी मिळून शंभराच्या आसपास. म्हणजे जे काही धावतंय ते सगळं मिळून नऊशे किलो. मी काढलेले २३ किलो म्हणजे शंभरातले अडीच. त्याच्यासाठी एवढा आटापिटा! पण मानेवर येणारा भार? तो मी मोजलाच नव्हता.

लगेच वजनकाटा आणला. छकडी सपाट जमिनीवर, जू काट्यावर टेकवलं, दादाला फळीवर बसवलं. माझ्या 'हलक्या' छकडीचा मानेवरचा भार निघाला १७ किलो. जुनी जड छकडी तशीच ठेवून पाहिली. ९ किलो! म्हणजे गाडी २३ किलोंनी हलकी झाली आणि बैलाच्या मानेवरचं ओझं जवळजवळ दुप्पट झालं. धुरा आखूड केला आणि फळी आखाच्या पुढे सरकवली, त्याचा हा प्रताप. तरफेचा नियम आठवीत शिकलो होतो. गुण पण पैकीच्या पैकी होते.

"मंग फळी मांगं घ्या ना," दादा म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "लय मांगं गेली तर गाडी उलाळ होते. जू वर उचलते, गळ्याचं जोतं आवळते. बैलाचा श्वास कोंडते. खाली दाबली तर खांदा जाते, वर उचलली तर गळा जाते. मधातच कुठंतरी बैलाचं सुख असते. ते शोधा लागते."

खांदेसूज म्हणजे काय हे खेड्यातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. जू घासून, दणके बसून बैलाची मान सुजते, सोलते, पुढे गाठ होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीनं बैलाचे खांदे शेकतात ना, आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात ना, ती वर्षभराच्या ओझ्याची माफी असते. शेकायचं तर खांद्यालाच, कारण सगळा हिशोब तिथे जमा होतो.

मग अॅल्युमिनियमचा विषय निघाला. "हे तुटाच्या आधी बोलते का" याचा अर्थ आता विचारला. मिस्त्री म्हणाले, "लाकूड कण्हते. कुरकुर करते, तडा दाखवते, मंग तुटते. तुमची नळी गुपचूप बसते न् एक दिवस घात करते." मंडळी, हे वाक्य आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ग्राफ काढून शिकवतात. पोलादाला ठरावीक मर्यादेच्या आत कितीही दणके द्या, ते सहन करतं. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नसते. छोटे छोटे दणके ते आत साठवत राहतं. मला ग्राफ पाठ होता. अर्थ मिस्त्रींनी सांगितला.

पुढचे पाच दिवस मी हेल्पर होतो. आखाला धावड्याचं लाकूड, कारण ते चिवट, वाकतं पण मोडत नाही. धुरा पुन्हा सागाचा, आणि जुन्यापेक्षा वीतभर लांब! बैलाचे पाय आणि फळी यांच्यात अंतर हवं म्हणून. बसायला बांबूच्या कामट्यांची जाळी, जी थोडी दबते आणि दणका पिते. आमच्या भाषेत सस्पेन्शन.

आणि चाकं. इथे मात्र मिस्त्रींनी माझं ऐकलं. मी सांगितलं, चाकाच्या कडेचा एक किलो हा गाडीतल्या दोन किलोंइतका भारी पडतो, कारण त्याला पुढेही ढकलावं लागतं आणि गोलही फिरवावं लागतं. काढायचं तर तिथलं काढा. त्यांनी मान हलवली, आरे तासून सडपातळ केले, लोखंडी धाव पातळ घेतली. तुंब्यात मी हिंगणघाटहून आणलेली बेअरिंग बसवली. वंगणाचा डबा मामाजींनी तरीही जवळ ठेवलाच.

धाव चढवणं हा तर सोहळाच. लोखंडी कडं मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा लहान बनवतात. गोवऱ्यांच्या आगीत ते लालभडक तापवायचं, प्रसरण पावलं की चाकावर बसवायचं आणि वरून पाणी. फस्स! वाफेचा लोट, आणि आकसताना ते कडं सगळे सांधे असे आवळतं की खिळ्याची गरज नाही. घेर किती कमी ठेवायचा? मी मोबाइलवर हिशोब मांडला, लोखंड इतकं तापलं तर मीटरमागे सहा-सात मिलिमीटर वाढणार, आपला घेर सव्वादोन मीटर, म्हणजे चौदा मिलिमीटरच्या आसपास. मिस्त्रींनी सुतळीनं चाक मोजलं, सुतळीवर बोट आडवं ठेवलं आणि म्हणाले, "पाऊण बोट." मी ते बोट व्हर्नियरनं मोजलं. पाऊण बोट म्हणजे चौदा मिलिमीटर. मी मोबाइल खिशात टाकला.

चिखल आणि बर्फ

त्या रात्री शेकोटीजवळ मी मामाजींना विचारलं, तुम्हाला ही हलक्या गाडीची हौस लागली कुठून? पटातल्या बक्षिसासाठी तर नक्की नाही, कारण आजवर मिळालेल्या बक्षिसांतून बैलांची सरकीसुद्धा आली नसेल.

ते म्हणाले, "तुही आई जन्मली त्या वर्षाची गोष्ट. श्रावण होता. पांदणीनं कंबरेएवढा चिखल. तुह्या आजीले दोन दिवसांपासून कळा. बंडीत टाकलं तर बंडी तुंब्यापर्यंत रुतली. चार बैल लावले, निघे नाई. मंग तुह्या आजोबानं शेजारची जुनी दमणी आणली. हलकी होती. पटाची जोडी जुंपली. चिखलावरून नेली त्यानं हिंगणघाटपर्यंत. मी मांगं धावत होतो. आठ वर्षांचा होतो."

आमच्याकडची काळी माती पाऊस प्याली की फुगते, चाकाला चिकटते, सोडत नाही. पांदण म्हणजे शेताकडची वाट. पावसाळ्यात तिच्यावरून जायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं.

मला एकदम युटाचा मित्र आठवला, आणि त्यानंच कधीतरी सांगितलेली एक गोष्ट. बर्फावरची गाडी आधी गंमत म्हणून आलेली नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये जोसेफ-आर्मां बोंबार्दिये नावाचा मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानं बंद, त्याची स्वतःची बर्फगाडी अजून तयार नव्हती. हॉस्पिटलपर्यंत नेता आलं नाही, मुलगा गेला. १९३७ मध्ये त्यानं बर्फात चालणाऱ्या पट्ट्याचं पेटंट घेतलं आणि आधी बनवल्या त्या डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं नेणाऱ्या गाड्या. मजेसाठी पळवायची छोटी स्की-डू आली थेट १९५९ मध्ये.

मी ही गोष्ट मामाजींना सांगितली. शेकोटीतलं लाकूड सारत ते म्हणाले, "म्हंजे त्याले आपल्यासारखी दमणी नाई भेटली."

तसा वर्धा जिल्हा गाडी आणि बैल यांच्या बाबतीत नेहमीच हुशार. जमनालाल बजाजांच्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले आणि गांधीजींनी तिचं नाव गमतीनं 'ऑक्सफर्ड' ठेवलं, हा किस्सा इकडे अजून सांगतात. हायब्रिड गाडीचा आम्हाला काय तो कौतुकाचा विषय!

पट

नवी छकडी भरली ४६ किलो. माझ्या 'विक्रमा'पेक्षा आठ किलो जास्त. मानेवरचा भार ५ किलो. लॅपटॉपमध्ये नोंद केली आणि मित्राला फोटो पाठवला नाही.

पाखऱ्याला आठ दिवस कुणी हात लावला नाही. म्हणजे जुंपायला. मामाजी रोज सकाळी रिकामं जू घेऊन जायचे, त्याच्यापुढे धरायचे, तो मागे सरायचा, ते परत यायचे. ना ओढाताण, ना शिवी. माझी रजा संपत आली होती, मी एक दिवस वाढवली. नवव्या दिवशी पाखऱ्यानं जू हुंगलं. बराच वेळ. मग मान खाली घातली. मामी दारात उभी होती, ती पदरानं डोळे पुसत आत गेली. मामाजी एवढंच म्हणाले, "आला राजा."

जानेवारीच्या शेवटी जवळच्या एका गावात पट होता, त्याला मी शुक्रवारची रात्रीची गाडी पकडून पुन्हा गेलो. काय माहोल होता! भजी, चिवडा, फुगे, लाऊडस्पीकर, गॉगल लावलेले बैलमालक. डॉक्टरनं आमची जोडी तपासली, पास केली. दादा फळीवर बसला, हातात फक्त कासरा. झेंडी पडली. मी शूटिंग केलं नाही, नुसतं पाहिलं. धावपट्टीच्या मध्यावर एक खड्डा होता. छकडी त्यातून गेली, बांबू दबला, धुरा हलला नाही. पाखऱ्याचा कान सुद्धा हलला नाही. पाहता पाहता जोडी पलीकडे.

आमचा नंबर? बारावा. बक्षीस दहाव्यापर्यंत होतं!

मी वेळ विचारायला पंचांच्या टेबलाकडे धावलो. मामाजी उलट दिशेला गेले. मी परत आलो तेव्हा दोन्ही बैलांच्या मानेवर आळीपाळीनं तळहात फिरवून ते काहीतरी शोधत होते. गरम लागतं का, सुजलंय का, कुठे घासलंय का. मग हात झटकला आणि हसले. "काई नाई. साफ हाये."

मी म्हटलं, मामाजी, बारावा नंबर आला. ते म्हणाले, "हाव ना बाप्पा. पण मान पाह्य ना!"

तुतारी चुलीत का घातली, हे त्या दिवशीही मी विचारलं नाही. गरज वाटली नाही.

सोमवारी ऑफिस. नेहमीची मीटिंग, नेहमीची स्लाइड. अमुक पार्टमधून तमुक ग्रॅम कमी केले. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "किती काढलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, किती ते सांगतो. पण आधी ते कुणाच्या मानेवर गेलं, ते बघू या का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेस्टिंगमधली मैत्रीण मात्र वहीत काहीतरी लिहीत हसत होती.

विचार केला तर आपल्या सगळ्यांचं असंच असतं. आपण आपलं ओझं हलकं करतो, काम आऊटसोर्स करतो, डेडलाइन पुढे ढकलतो, घरची जबाबदारी 'तू बघ ना' म्हणून सोडतो. आकडा कमी दिसतो, आपण खूश. वजन गेलेलं नसतं, ते फक्त सरकलेलं असतं. धुरा थोडा लांब ठेवावा लागतो आणि फळी थोडी मागे. आणि एखादा मान द्यायला नाही म्हणाला, तर नऊ दिवस थांबावंही लागतं.

ता. क. : युटाच्या मित्राला शेवटी फोटो पाठवला. ४६ किलोंचा. त्यानं विचारलं, 'वाढलं कसं?' मी लिहिलं, 'मोठी गोष्ट आहे. भारतात आलास की समुद्रपूरला ये. मिस्त्रींना भेटवतो. येताना टायटॅनियमचे बोल्ट आण, ते वाजवून बघणार आहेत.'